नव्या शाळेच्या भीतीनं मुलीचं पोट दुखायचं: काय लागू पडलं (माझा अनुभव)

लक्षण असं: गावातली जिल्हा परिषदेची शाळा चौथीपर्यंतच. पाचवीला एसटीनं दुसऱ्या गावी जायचं म्हटलं की पोरीचं पोट दुखायचं, रात्री झोप नाही. डॉक्टरांना तपासणीत काही सापडलं नाही. समजावणं, नव्या दप्तराचं आमिष, "देवावर विश्वास ठेव" हा उपदेश, सगळं वाया. जीव मेटाकुटीला आला होता.

जमलं ते या क्रमानं. आधी लिंबाच्या फुलपाखराची अळी शोधली. ती संत्र्याच्या कोवळ्या पानावर असते, लहानपणी पक्ष्याच्या विष्ठेसारखी दिसते. उन्हाळ्यात तिथं नसली तर पाणी मिळणाऱ्या कढीपत्त्यावर पाहा. फवारलेलं झाड नको. फांदीसकट बरणीत ठेवून तोंडाला सुती कापड बांधलं. रोज ताजी पानं घालणं पोरीकडे. पुढं अळी हिरवी होते, डिवचलं की डोक्यामागून नारिंगी शिंग काढते. तिथं पोरगी खळखळून हसली.

कोष झाल्यावरच गोष्ट सांगितली, आधी नाही: अंधाराला भ्यालेली अळी आणि तिला न सोडणारा देव. मग बायबलमधलं मत्तय 6:26 ते 30 तिलाच वाचायला दिलं, पाखरं आणि रानफुलं. अर्थ मी सांगितला नाही. त्याच दिवसांत नवी शाळा रिकामी असताना दाखवली: वर्ग, नळ, संडास, एसटी थांबा. संडास नक्की दाखवा, पोरांची निम्मी धास्ती तिथंच असते.

पहिल्या दिवशी रडली, पण एसटीत चढली. पोटदुखी गेली.

एकच अळी ठेवू नका. काहींत परजीवी माश्या वाढतात, मग कोषातून फुलपाखरू येतच नाही. दोन-तीन असू द्या.