चित्रपट-अभ्यासकाच्या जीवनगौरवासाठी शिफारस कशी लिहावी

सांगलीला नाट्यपंढरी म्हणतात, आणि दरवर्षी ५ नोव्हेंबरला, रंगभूमी दिनी, विष्णुदास भावे यांच्या नावाचा पुरस्कार येथे रंगकर्मींना दिला जातो. चित्रपट आणि माध्यमांचा आयुष्यभर अभ्यास केलेल्या व्यक्तीसाठी शिफारस करायची वेळ आली, की मात्र ती कशी लिहावी याचा नमुना कोणाजवळ नसतो. तीन शिफारशी तयार करताना मला जे उमगले, ते येथे मांडतो.

प्रथम योग्य पुरस्कार निवडावा. १९६९ पासून दिला जाणारा दादासाहेब फाळके पुरस्कार चित्रपटसृष्टीतील योगदानासाठी आहे, तर राष्ट्रीय पुरस्कारांतील चित्रपटविषयक पुस्तक आणि समीक्षक हे सन्मान त्या-त्या वर्षीच्या लेखनापुरते असतात. अभ्यासकाच्या संपूर्ण कारकिर्दीचा गौरव बहुधा विद्वत्संस्था करतात. अमेरिकेत १९५९ साली स्थापन झालेल्या आणि २००२ मध्ये नावात ‘मीडिया’ हा शब्द घेतलेल्या सोसायटी फॉर सिनेमा अँड मीडिया स्टडीजचा असा एक पुरस्कार आहे. नियम वाचताना शिफारस कोण करू शकतो, ती कोणत्या भाषेत हवी आणि मुदत कधी संपते, एवढे आधी पाहावे.

यानंतरचे काम सर्वांत वेळखाऊ आणि माझ्या मते सर्वांत मोलाचे आहे, ते म्हणजे पुरावा गोळा करणे. पुस्तकांची आणि पदांची यादी कोणीही देतो. निवड समितीला हवे असते ते या अभ्यासामुळे पुढे काय घडले याचे उत्तर. सांगलीच्या गावभागातील एका वयोवृद्ध प्राध्यापकांनी तरुणपणी जत्रांमधल्या तंबूतल्या सिनेमांच्या नोंदी ठेवल्या होत्या: तिकिटाचा दर, खेळांची संख्या, फिल्मची पेटी कोणत्या गावाहून आली, ती वेळेत न आल्याने कोणता खेळ रद्द झाला. २०१९ च्या महापुरात त्यांच्या वह्या भिजल्या. आम्ही पानापानात वर्तमानपत्र घालून त्या पंख्याखाली वाळवल्या, तेव्हा शाईच्या नोंदी पसरून गेल्या होत्या आणि शिसपेन्सिलीने लिहिलेल्या तेवढ्या जशाच्या तशा होत्या. पुढे दोन पीएच.डी. प्रबंधांत त्या नोंदींचा आधार घेतला गेला. आमच्या शिफारशीच्या पहिल्या मसुद्यात ‘अमूल्य योगदान’, ‘अथक साधना’ असे शब्द होते. ते सारे काढून आम्ही या वह्या आणि ते दोन प्रबंध लिहिले.

समिती परगावची असेल, तर आपल्याला उघड वाटणारी गोष्टही सांगावी लागते. बाबूराव पेंटर कोण होते हे कोल्हापुरात सांगावे लागत नाही; परंतु त्यांच्यावरील लेखनाचे महत्त्व पटवताना त्यांनी दिग्दर्शित केलेला १९२५ चा ‘सावकारी पाश’ कर्जबाजारी शेतकऱ्याची कथा सांगणारा मूकपट होता, हे एका वाक्यात लिहिल्याशिवाय बाहेरच्या वाचकाला पुढचे कळत नाही. मराठी ग्रंथांच्या नावांसोबत त्यांचा अर्थही द्यावा.

समर्थनाची पत्रे मागताना एकच मजकूर सर्वांना पाठवू नये. पाच पत्रांत तेच विशेषण दिसले, की पत्रांचे वजन जाते. एकाने ग्रंथाविषयी, एका जुन्या विद्यार्थ्याने अध्यापनाविषयी लिहावे. आणि ज्याचे मत काही बाबतींत वेगळे आहे अशा अभ्यासकाने लिहिलेले पत्र तर मला नेहमीच सर्वांत विश्वासार्ह वाटत आले आहे. पत्र लिहिणाऱ्यांना किमान सहा आठवडे द्यावेत आणि सोबत तारखांचे एक पानही द्यावे. आमची एक शिफारस एका संस्थेने केवळ एवढ्यासाठी परत पाठवली, की परिचयात एका पुस्तकाचे वर्ष एक होते आणि पत्रात दुसरे; त्यामुळे प्रत्येक वर्ष पुस्तकाच्या मुद्रणपानावरूनच घ्यावे.

ज्यांच्यासाठी हे चालले आहे त्यांची संमती सुरुवातीलाच घ्यावी. ‘माझ्यात काय आहे एवढे?’ असे ते म्हणतात, तेव्हा आग्रह धरण्याऐवजी जुन्या कामाच्या तारखा विचारायला बसावे. दोन तासांत ते स्वतःच कपाट उघडतात. त्या कपाटातून निघालेल्या कागदांची सूची शिफारशीसोबत जोडावी, दुर्मीळ साहित्याविषयी पुण्याच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाकडे विचारणा करावी आणि सर्व कागदपत्रांची एक प्रत सांगलीत ठेवायची असेल, तर ती तळमजल्यावर ठेवू नये.