कार्पेटवर व्यायामासाठी लाकडी फळी बनवताना या चुका टाळा

गेल्या उन्हाळ्यात आई सहा महिन्यांसाठी न्यू जर्सीला आली. दुसऱ्याच दिवशी सकाळी दिवाणखान्यात योगा मॅट पसरून तिने सूर्यनमस्कार सुरू केले आणि तिसऱ्या नमस्काराला थांबली. "अगं, हे गादीवर केल्यासारखं वाटतंय. हात रुततात आणि मॅट पुढे चाललीय." मी त्याच मॅटवर दोन वर्षं मनगट चोळत व्यायाम करत होते आणि दोष वयाला देत होते.

आपल्याकडे शहाबादी फरशी असायची आणि वर सतरंजी. खाली कठीण, वर पातळ मऊ. इथल्या अपार्टमेंटमध्ये या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत कार्पेट, त्याखाली बोटभर स्पंजासारखी गादी आणि मग लाकडी जमीन. म्हणजे इथे मऊपणा आधीच जास्त आहे, कमी आहे तो कठीणपणा. हे कळायला मला तीन मॅटा विकत घ्याव्या लागल्या.

मऊवर मऊ घालणे

मनगट दुखलं की आपण आणखी जाड मॅट आणतो, आणि नेमकं तेच उलटं पडतं. दंड काढताना किंवा प्लँक धरताना तळहाताच्या मनगटाकडच्या भागावर भार येतो. तो भाग मऊ पृष्ठभागात रुतला की बोटं वर राहतात आणि मनगट गरजेपेक्षा जास्त मागे वाकतं. एका पायावर उभं राहताना घोटा सतत डगमगतो, तेही याच कारणाने. १० किंवा १५ मिमीची मॅट फरशीवर सुखाची, पण कार्पेटवर तीच त्रासाची.

कोड्याच्या तुकड्यांसारख्या एकमेकांत अडकणाऱ्या फोमच्या लाद्यांचंही तसंच. सपाट जमिनीवर त्या छान बसतात. कार्पेटवर पाऊल पडलं की एक लादी दबते, शेजारची दबत नाही आणि सांधा उघडतो. दोरीच्या उड्या मारताना अंगठा त्या फटीत गेला की काय होतं ते मी सांगत बसत नाही.

घाईच्या सकाळी तात्पुरता उपाय हवा असेल तर दोन्ही तळहातांखाली फूटभर प्लायचे दोन तुकडे ठेवा. आईने मात्र वृक्षासनासाठी देवघरातला पाट काढला होता. तो नको. पाटाखालच्या पट्ट्या कार्पेटमध्ये कमीजास्त रुततात आणि माणसासकट पाट कलतो.

चुकीचं लाकूड

तर मॅटखाली कठीण, सपाट फळी हवी. दुकानात सगळ्यात स्वस्त दिसतात ते एमडीएफ (लाकडाचे बारीक तंतू दाबून केलेला) आणि लाकडाच्या भुश्याचे बोर्ड. घाम आणि सांडलेलं पाणी कडेतून आत गेलं की ते फुगतात आणि फुगलेली कड पुन्हा बसत नाही. लाकडाचे पापुद्रे दाबून केलेला ओएसबी मजबूत असतो, पण वर मॅट नसेल तर अनवाणी पायांना कुसळं लागतात. साधं, एका बाजूने घासून गुळगुळीत केलेलं प्लायवूडच घ्या.

जाडीत कंजूषी करू नका. पाव इंची प्लाय कार्पेटवर टाकून त्यावर उभं राहिलं तर ते पायाखाली खोलगट होतं आणि कडा वर येतात. एकच थर करणार असाल तर पाऊण इंच, म्हणजे साधारण १८ मिमी घ्या. शीट ८ बाय ४ फुटांची मिळते. मोठ्या दुकानांत तिथेच कापून देतात, म्हणजे गाडीत मावण्याचाही प्रश्न सुटतो.

किती मोठी कापायची हे अंगाने मोजा, टेपने नंतर. योगा मॅट साधारण १७३ सेंमी लांब असते. पाच फूट सात इंच उंचीचा माणूस उताणा झोपून हात डोक्यामागे ताणतो, तेव्हा त्याला दोन मीटरहून जास्त जागा लागते. सूर्यनमस्कार, बैठका, जोर एवढंच करायचं असेल तर ६ बाय ४ फूट पुरतं. लंजेस (एक पाय लांब पुढे टाकून गुडघे वाकवणं) आणि बाजूला उड्या मारायच्या असतील तर पुरत नाही, आणि अर्धा पाय फळीवर, अर्धा कार्पेटवर पडला की मुरगळलाच समजा.

मोठी फळी जोडताना होणारा घोळ

माझी सगळ्यात मोठी फजिती इथेच झाली, म्हणून जरा सविस्तर सांगते. दोन शीट नुसत्या शेजारी टाकल्या तर कार्पेटवर त्या हळूहळू लांब सरकतात. खालून पट्ट्या मारल्या तर फळी त्या पट्ट्यांवरच डोलते. त्यामुळे मोठी जागा हवी असेल तर अर्ध्या इंचाचे दोन थर, आडवे-उभे.

८ बाय ६ फुटांसाठी तीन शीट बरोबर पुरतात. एक अख्खी ठेवायची. उरलेल्या दोन प्रत्येकी ६ फुटांवर कापायच्या. ते ६ बाय ४ चे दोन तुकडे वरच्या थरासाठी. उरतात ४ बाय २ चे दोन तुकडे. अख्खी शीट आणि तिच्या कडेला हे दोन तुकडे लांबीत लावले की खालचा थर झाला. मी नेमकं असंच केलं आणि आठवड्याभरात फळीच्या एका बाजूला कचकच सुरू झाली. कारण खालच्या दोन तुकड्यांचा सांधा ४ फुटांवर येतो आणि वरच्या थराचाही सांधा ४ फुटांवरच. सांध्यावर सांधा आला की तिथे फळी बिजागरीसारखी हलते. उपाय सोपा आहे. त्यातला एक तुकडा मधोमध कापून २ बाय २ चे दोन करायचे आणि ४ फुटी तुकड्याच्या दोन्ही बाजूंना एकेक लावायचा. खालचे सांधे २ आणि ६ फुटांवर जातात, वरचा ४ वर राहतो. करवतीत दोन-तीन मिलिमीटर जातात, तेवढ्या फटीने काही बिघडत नाही.

आता स्क्रू. अर्धा आणि अर्धा मिळून एक इंच, म्हणून मी एक इंची स्क्रू आणले. पण इथलं अर्ध्या इंचाचं म्हणून मिळणारं प्लाय बहुधा १५/३२ इंच असतं, म्हणजे १२ मिमीलाही किंचित कमी. दोन थर मिळून २४ मिमीच्या आत आणि स्क्रू २५.४ मिमीचा. टोकं खालून बाहेर आली आणि फळी सरकवताना कार्पेटचे धागे उपसून निघाले. भाड्याचं घर, डिपॉझिट अडकलेलं. पाऊण इंची स्क्रू घ्या. दोन थरांमध्ये लाकडाचा गोंद पसरवा, खरी पकड त्याचीच असते. स्क्रू गोंद सुकेपर्यंत थर दाबून धरतात. स्क्रूची डोकी पृष्ठभागाच्या जराशी खाली बसली पाहिजेत, नाहीतर मॅटमधून टोचतात.

एकाच बाजूला वॉर्निश

वरची बाजू चकचकीत केली आणि खालची कोरीच ठेवली, तर कोरी बाजू दमट हवेत ओल पिते, वरची पित नाही आणि फळी वाकते. उन्हाळ्यातल्या दमटपणानंतर हिवाळ्यात हीटरची कोरडी हवा आली की हे हमखास दिसतं. दोन्ही बाजू आणि चारही कडा, सगळीकडे पॉलियुरेथेन वॉर्निशचे दोन हात द्या. आधी १२० नंबरच्या पॉलिश पेपरने कडा गोल करा, मग २२० ने हात फिरवा. हे काम बाल्कनीत करा. वर रबर घालायचं असेल तर आठवडाभर थांबा, नाहीतर दोन्ही एकमेकांना चिकटून बसतात.

वर काय घालायचं

नुसत्या योगासाठी फळीवर तुमची जुनी ४-५ मिमीची मॅट पुरे. आईची तर सतरंजीच, खाली जाळीदार रबरी कापड घातलं की ती सरकत नाही. वजनं वापरत असाल तर शेतीच्या सामानाच्या दुकानात घोड्यांच्या तबेल्यात अंथरायची जाड रबरी मॅट मिळते. पाऊण इंच जाड, ६ बाय ४ फूट. ८ बाय ६ च्या फळीवर अशा दोन बरोबर बसतात. पण एकीचं वजनच सुमारे ४५ किलो असतं, तेव्हा तिसऱ्या मजल्यावर राहणाऱ्यांनी आधी एखादा मित्र शोधावा, मग मॅट. नव्या मॅटला टायरच्या दुकानासारखा वास येतो. पातळ साबणाच्या पाण्याने धुऊन काही दिवस बाल्कनीत ठेवली की बराच कमी होतो.

फळी बसवल्यावर

एखादा कोपरा डुगडुगत असेल तर आधी ती भिंतीपासून वीतभर दूर सरकवून पाहा. भिंतीलगत कार्पेटच्या कडेखाली खिळ्यांची लाकडी पट्टी ठोकलेली असते, तिथे जमीन एकसारखी नसते.

फळी सरकते म्हणून दुहेरी टेप लावू नका. कार्पेटवर डिंक राहतो आणि त्यावर धूळ बसून काळा पट्टा दिसतो. वेल्क्रोची काटेरी बाजू खाली चिकटवण्याची युक्ती अनेक जण सांगतात. टोकं न कापलेल्या, वेटोळ्या धाग्यांचं कार्पेट असेल तर वेल्क्रो त्याचे धागे ओढून काढतं. लहान फळी सरकत असेल तर तिचं एक टोक भिंतीला टेकवा. मोठी स्वतःच्या वजनाने बसते.

उड्यांचा आवाज या फळीने जातो असं समजू नका. लाकडी बांधणीच्या इमारतीत खालच्या घराला धप्प ऐकू जातंच. आमच्या खालच्या आजींनी दार वाजवल्यापासून माझ्या दोरीच्या उड्या संध्याकाळी पार्किंगमध्ये असतात.

कार्पेट नुकतंच मशीनने धुतलं असेल तर पूर्ण वाळेपर्यंत फळी ठेवू नका, खाली ओल कोंडून कुबट वास येतो. एरवीही महिन्यातून एकदा एका कडेने उचलून भिंतीला टेकवा आणि खाली व्हॅक्यूम फिरवा.

घर सोडताना फळीचा चौकोन कार्पेटवर दबलेला दिसेल. त्यावर इस्त्री टेकवू नका, नायलॉन किंवा पॉलिस्टरचे धागे वितळतात. दबलेल्या रेषेवर बर्फाचे खडे ठेवा, ते विरघळले की पाणी टिपून घ्या आणि धागे बोटांनी किंवा चमच्याच्या कडेने उभे करा.