माळ घालायचीय? मग आधी एवढं करा

आषाढी जवळ आली की आपल्या सातारा-सांगलीकडं बरेच जण माळ घालायचं मनावर घेतात, त्यांच्यासाठी लिहितोय. घालायला काय, गावातल्या जाणत्या महाराजांकडं जायचं, ते तुळशीची माळ गळ्यात घालतात, झालं. पण त्या घडीला तुम्ही पांडुरंगाला शब्द देता. मटण-दारू बंद, एकादशी, रोज हरिपाठ, वर्षातनं एक तरी वारी. आणि खोटं बोलायचं नाही, दुसऱ्याचं लुबाडायचं नाही, हे पण त्यातच आलं.

गर्दीत ठरवू नका. पालखी लोणंदवरनं तरडगावकडं निघते, चांदोबाच्या लिंबाला रिंगण होतं, अश्व पळतो तेव्हा अंगावर काटा येतो आणि माणूस काहीपण बोलून जातो, ते खोटं नसतं पण घरी आल्यावर टिकतंय का बघा. महिना-दोन महिने माळ न घालताच माळकऱ्यासारखं वागा, कुणाला सांगू नका. भावकीतली जत्रा आली, समोर रस्सा आला, तिथं काय होतंय ते कळू दे.

झेपेल तेवढंच बोला. तासगावकडं द्राक्षबाग असेल तर कार्तिकीला ऑक्टोबर छाटणीनंतरची फवारणी ऐन भरात असते, पाऊस आला तर दावण्या रोग बाग खाऊन टाकतो, मग कार्तिकीचा शब्द कशाला देताय, आषाढी धरा. पोराला नोकरी लागू दे मग माळ घालतो असं म्हणत असाल तर तो नवस झाला, नवस वेगळा फेडा, माळेत घालू नका.

आता बांधाचं. खरी गोम इथं आहे. दरवर्षी नांगरट करताना ट्रॅक्टरवाल्याला हळूच सांगायचं, अजून जरा बांधाला लागून घे, एक फाळ पलीकडं जातो, शेजारी कामाला मुंबईला असतो, त्याला कळत नाही, आणि संध्याकाळी आपण देवळात टाळ घेऊन उभे. असल्या माणसाचा हरिपाठ तोंडपाठ असला तरी मला तो माळकरी वाटत नाही. बांध कोरला असेल तर माळ घालायच्या आधी मोजणी करून मागं सरका. डेअरीच्या कॅनमधी पाणी जात असेल तर ते आजच बंद करा. कुणाचं उसनं बुडवलं असेल तर देऊन टाका, एकदम नसेल होत तर हप्त्यानं द्या.

आणि शब्द मोडला तर? एखाद्याचा पाय घसरतो, तो ढोंगी नाही. माळ खिशात घालून ढाब्यावर बसतो आणि सकाळी परत घालतो, तो ढोंगी. चूक झाली तर ज्यांच्या हातनं माळ घेतली त्यांना जाऊन सरळ सांगा, ते पुढचं सांगतील.

शेवटचं, घरातल्या बाईला आधी विचारा. तुमच्यामुळं भांडी वेगळी, स्वयंपाक दोनदा, उपासाचं वेगळं, हे सगळं तिच्यावर पडतं. एकादशीचा साबुदाणा आदल्या रात्री स्वतः भिजत घाला.