क्लबसोबत पहिल्यांदा ऑफरोडला जाताय? मग हे वाचाच

पावसाळ्यात मावळ-मुळशीकडे क्लबची ट्रिप निघाली की टाकी फुल करा, टो हुक (अडकलेली गाडी ओढायचा हुक) कुठे लागतो ते घरीच बघून ठेवा आणि गाडीतलं सुटं सामान बांधून टाका. चिखल लागायच्या आधी टायरची हवा २० पीएसआयपर्यंत उतरवा, टायर पसरतो आणि ग्रिप जाम वाढते, फक्त डांबरीवर यायच्या आधी परत भरायची, त्यासाठी छोटा कॉम्प्रेसर पाहिजेच.

फोर-लो (चारही चाकांना जास्त ताकद देणारा हळू गिअर) गाडी थांबवून, न्यूट्रलला टाकूनच लावा. उतारावर पहिला गिअर, क्लच अजिबात दाबायचा नाही, इंजिनच गाडी धरून ठेवतं. अंगठे स्टिअरिंगच्या बाहेर, कारण चाक दगडावर आपटलं की स्टिअरिंग गर्रकन फिरतं.

ओढ्यात आधी काठी टाकून खोली बघा. नव्या थारला ६५० मिमी चालतं म्हणतात पण पाणी जोरात वाहत असेल तर गुडघाभरातही गाडी घालू नका, खरंच.

अडकलात तर रेस देत बसू नका, चाक अजून रुततं. ओढायचा पट्टा चासीच्या (गाडीच्या सांगाड्याच्या) हुकलाच, टो बॉलला (ट्रेलर जोडायच्या गोळ्याला) कधीच नाही, तो बॉल तुटला तर गोळीसारखा येतो आणि जीव जातो, म्हणून ओढताना बाकी सगळ्यांनी लांब थांबायचं. आणि भातलावणी झालेल्या खाचरात चाक घालायचं नाही म्हणजे नाही.