द हंटर कॉल ऑफ द वाइल्ड: बार काढण्याआधीच होणाऱ्या चुका

एक्सपान्सिव्ह वर्ल्ड्‌सचा हा शिकारीचा गेम 2017 साली आला. मुंबईत तो पहिल्यांदा उघडणारे बहुतेक जण मोबाइलवरच्या बॅटल रॉयलमध्ये हात बसलेले असतात. पळत जायचं, दिसलं की डोक्यात गोळी घालायची. आपल्याकडे 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर शिकार बंद झाली, त्यामुळे वारा बघून दबा कसा धरतात हे घरात सांगणारंही कोणी नाही. मग दोन तास जंगल तुडवून एक हरीण मिळत नाही आणि खापर फुटतं रायफलवर. रायफल बहुतेक वेळा निर्दोष असते.

पळणं आणि वारा

ऑफिसातून दमून आलेल्या माणसाकडे गेमसाठी तासभर असतो, म्हणून तो आउटपोस्टवरून, म्हणजे गेममधल्या तळावरून, निघतो तोच धावत. धावण्याचा आवाज लांबवर जातो आणि सावज दिसायच्या आधीच बुजतं. तुम्हाला ऐकू येते ती फक्त त्याची इशाऱ्याची हाक. चालत निघा. ताजा माग किंवा हाक मिळाली की वाका, आणि शेवटच्या शंभरेक मीटरवर रस्ता किंवा मोकळं गवत धरा. झुडपातून वाकून गेलात तरी पानं खसखसतातच.

वाऱ्याचा बाण पडद्यावर सतत असतो आणि तोच सर्वात दुर्लक्षित. बाणाचं टोक जिकडे, तिकडे तुमचा वास. टोक कळपाकडे असेल तर कितीही रांगा, उपयोग नाही. वळसा घालून समोरून वारा घ्या. वारा मध्येच फिरतो, म्हणून दर काही मिनिटांनी बाणाकडे नजर टाका. वास मारणारा स्प्रे मिळतो, पण तो चुकीच्या दिशेवरचा इलाज नाही.

कॉलर वाजवून तिथेच बसणं

कॉलर म्हणजे जनावराच्या हाकेची नक्कल करणारं वाद्य. तो वाजवला की जनावर येतं ते आवाज जिथून आला त्या जागेवर. तुम्ही तिथेच बसलात तर ते थेट तुमच्या अंगावर येतं, शेवटच्या वीस मीटरवर तुम्हाला बघतं आणि उधळतं. वाजवा, मग वाऱ्याच्या खालच्या बाजूला तीसचाळीस मीटर सरकून आडवे पडा. आता ते तुमच्या समोरून जाईल आणि तुम्हाला त्याची बाजू मिळेल. पुन्हापुन्हा वाजवून ते लवकर येत नाही. जनावर म्हणजे विरार लोकल नव्हे, एक बुजलं तर मागून लगेच दुसरं येत नाही.

गोळीचा वर्ग

इथे सावजांचे 1 ते 9 वर्ग आहेत. ससा वर्ग 1, रो डिअर 3, व्हाइटटेल 4, रेड डिअर 6, मूस 8, बायसन 9. सुरुवातीची .243 रायफल वर्ग 2 ते 6 साठी आहे. म्हणजे गेमच्या हिर्शफेल्डन या नकाशात रेड डिअरपर्यंत ती पुरते, पण बायसनवर नाही. मोठी बंदूक सगळीकडे चालेल हा समजही खोटा. मोठ्या रायफलीने छोटं जनावर पडतं, पण हिशेबात ‘अयोग्य गोळी’ लागते.

हा हिशेब जनावर उचलताना चार गोष्टींवर होतो: गोळी योग्य वर्गाची होती का, दोनपेक्षा जास्त लागल्या का, ट्रॉफीचा अवयव शाबूत आहे का, मृत्यू झटपट आला का. यातली एक जरी नापास झाली तरी सोन्याच्या पदकाच्या लायकीचं जनावर रुप्यावर घसरू शकतं.

डोक्यात गोळी

बॅटल रॉयलची ही सवय इथे थेट नुकसान करते. शिंगवाल्या सावजाची ट्रॉफी त्याच्या डोक्यावर असते. तिथे गोळी लागली तर जनावर जागच्या जागी पडतं खरं, पण ट्रॉफी खराब होते.

नेम कुठे धरायचा? जनावर आडवं उभं राहू दे. पुढच्या पायाची मागची कड पकडा, तीच रेघ वर न्या, आणि पोटाच्या रेषेपासून छातीच्या उंचीच्या साधारण एक तृतीयांशावर थांबा. तिथून किंचित मागे दोन्ही फुप्फुसं आहेत. दोन्हींतून गोळी गेली तर बहुतेक वेळा जनावर काही पावलं धावून कोसळतं. त्याचा पुढचा पाय मागे गेलेला असेल तर तो छातीवर आडवा येतो, म्हणून पाय पुढे पडेपर्यंत थांबा. जनावर तुमच्याकडे पाठ करून तिरकं उभं असेल तर नेम बरगड्यांच्या मागच्या भागात धरा आणि पलीकडच्या खांद्याकडे गोळी जाईल असा कोन ठेवा. समोरून तोंड करून असेल तर बहुतेकदा सोडून द्या.

एकाच बंदुकीच्या दोन गोळ्यांतही फरक असतो. जास्त फुलणारी गोळी जखम मोठी करते पण आत कमी शिरते. तिरक्या कोनातून आणि जाड हाडांच्या जनावरावर खोल जाणारी बरी.

हात थरथरत असेल तर आधी हृदयाचे ठोके बघा. नुकतेच धावला असाल तर श्वास फार वेळ रोखता येत नाही. आडवे पडा, ठोके उतरू द्या, मग श्वास रोखून बार काढा.

पाणवठ्यावर रोज तोच खेळ

जनावरांचं खाणं, पाणी आणि विश्रांती यांच्या जागा आणि वेळा ठरलेल्या असतात. एखाद्या जागेचा माग लागला की ती हंटमेटच्या, म्हणजे गेममध्ये हातात असणाऱ्या यंत्राच्या, नकाशावर दिसते आणि वेळाही कळतात. मग लोक त्याच तळ्याकाठी एकामागून एक हरणं पाडत बसतात. नकाशावर जांभळा डाग गडद होत जातो, तो शिकारीचा दाब. तो फार वाढला की ती जागाच नाहीशी होते. दोनतीन तळी आळीपाळीने घ्या, आणि एखादं तळं फारच लाभत असेल तर मचाण किंवा आडोसा उभारा. त्यातून बार काढला की दाब कमी वाढतो.

मागातही एक फसवणूक आहे. कळपात दुसऱ्याच जनावराच्या खुणेवर बटण दाबलंत की पाठलाग त्याच्या नावावर वळतो. रक्ताच्या खुणेवर रक्तस्रावाचं प्रमाण लिहिलेलं असतं. ते कमी असेल तर जखम वरवरची, जनावर लांब जाणार.

आणि जनावराच्या पातळीच्या लहान आकड्याला हसू नका; हा आकडा वर्गाचा नव्हे, त्या एका जनावराच्या दर्जाचा. रो डिअरची कमाल पातळी 3 आहे, रेड डिअरची 9. तीन पातळीचा रो डिअर नर दिसला तर तो त्याच्या जातीतला अव्वल आहे. आठ-नऊची वाट बघत त्याला सोडणारे बरेच.

गेम नव्हे, घर आणि मशीन

या गेममध्ये कान डोळ्यांइतकेच चालतात. खिडकीखाली रिक्षांचे हॉर्न आणि डोक्यावर पंखा असताना स्पीकरवर हाक कुठून आली कळणार नाही, तारेचा साधा हेडफोनही पुरे. तुमचा ब्लूटूथ हेडफोन असेल आणि मित्रांशी बोलताना त्याचाच माइक चालू असेल तर तो अनेकदा हँड्स-फ्री मोडमध्ये जातो, आवाज मोनो होतो आणि डावं-उजवं गायब. माइक वेगळा लावा. विंडोजच्या सेटिंगमध्ये ‘मोनो ऑडिओ’ चुकून चालू नाही ना, तेही बघा.

अर्ध्या तासाने गेम अडखळायला लागला तर आधी तापमान तपासा. मे महिन्यात गादीवर ठेवलेला लॅपटॉप हवा ओढू शकत नाही आणि स्वतःच वेग कमी करतो. कडक टेबल, मागची बाजू दोन बोटं वर, सावल्यांची गुणवत्ता एक पायरी खाली, फ्रेम सेकंदाला 60 वर बांधलेल्या. अचानक बंद पडत असेल आणि गेम स्टीम या दुकानातून घेतला असेल, तर तिथून फाइल्सची तपासणी करा.

सेव्ह फाइल्स डॉक्युमेंट्स फोल्डरमध्ये, अॅव्हालांच स्टुडिओजच्या आत सीओटीडब्ल्यू (COTW, गेमच्या नावाची आद्याक्षरं), त्यात सेव्ह्ज, अशा असतात. प्रत्येक नकाशाच्या जनावरांची वेगळी फाइल आहे, हिर्शफेल्डनची 0 क्रमांकाची, लेटन लेक या दुसऱ्या नकाशाची 1. ती पुसली की सगळी जनावरं नव्याने तयार होतात, म्हणून ‘कंटाळा आला, पुसून टाका’ असा सल्ला सर्रास मिळतो. पण त्यासोबत तुम्ही दोन महिने पाळत ठेवलेला डायमंडही, म्हणजे सोन्याच्याही वरच्या पदकाचं जनावर, जातो. आधी पूर्ण सेव्ह्ज फोल्डरची प्रत पेनड्राइव्हवर घ्या. डॉक्युमेंट्स वनड्राइव्हला जोडलेलं असेल तर कॉपी करताना सिंक थांबवा, नाहीतर जुनी फाइल परत येऊन बसते.