वाळूत बुजलेलं चर्च पाहायला निघण्यापूर्वी

डेन्मार्कच्या उत्तर टोकाला, स्कागेन गावापासून सुमारे ४ किलोमीटरवर संत लॉरेन्सचं जुनं चर्च आहे. आज तिथे उभा दिसतो तो फक्त पांढरा मनोरा. हे आधी ठाऊक नसलं की माणूस एक फोटो काढून दहा मिनिटांत परततो, आणि मला त्याची हळहळ वाटते.

म्हणून सामान भरण्याआधी थोडा इतिहास वाचून घ्या. चौदाव्या शतकातलं हे चर्च एकेकाळी त्या भागातलं सर्वांत मोठं होतं. १७७५च्या वादळानंतर दारासमोरची वाळू उपसल्याशिवाय लोकांना आत जाता येईना. १७९५मध्ये राजाच्या हुकमाने ते बंद झालं, १८१०मध्ये पाडलं. मनोरा तेवढा राखला, जहाजांना किनाऱ्याची खूण म्हणून.

घरीच आणखी एक काम करा: ४५ मीटर म्हणजे आपली किती पावलं, ते मोजून ठेवा. चर्चची लांबी तेवढीच होती. मनोऱ्याकडे पाठ करून पूर्वेला तितकं चाललात, की जिथे लोक प्रार्थनेला बसायचे त्या जागेवरून आपण चालतोय हे पायांना कळतं. माझ्या मते ही सगळ्यात महत्त्वाची तयारी.

दक्षिणेकडच्या फ्रेडरिक्सहाव्न शहरातून स्कागेनला रेल्वे जाते; पुढे सायकल उत्तम. मनोरा आतून पाहायचा असेल तर तो कधी उघडा असतो ते आधी बघा, हिवाळ्यात बंद दार मिळेल. उन्हाळ्यातही वारा अडवणारं जाकीट, बंद बूट आणि चष्मा हवाच. कॅमेरा पिशवीत ठेवा, बारीक वाळू लेन्समध्ये शिरते. भोवती पाइनची झाडं आहेत, ती वाळू थोपवायलाच लावलेली. तिथे हिंडताना पायभर पँट घाला आणि परतल्यावर अंगावर गोचीड नाही ना ते तपासा. टेकड्यांवरचं उंच गवत उपटू नका, तुडवू नका. त्याच्या मुळांनीच वाळू धरून ठेवली आहे.

अर्धा दिवस जास्तीचा ठेवता आला तर दक्षिणेला रॉब्येर्ग मिलेला जा. ही वाळूची प्रचंड टेकडी अजूनही वर्षाला सुमारे १८ मीटर ईशान्येकडे सरकते. चर्च कसं गिळलं गेलं, ते तिच्यावर उभं राहिल्याशिवाय नीट उमगत नाही. पाणी मात्र सोबत न्या, टेकडीवर सावली नाही.