परदेशी क्लायंट ‘ईओआर’मार्फत पगारावर घेतोय? सही करण्याआधी हे बघा

नागपुरात घरून काम करणाऱ्या फ्रीलान्सरला परदेशी कंपनी कायम करते, पण भारतात तिची शाखा नसते. मग ऑफर लेटर ‘एम्प्लॉयर ऑफ रेकॉर्ड’ (ईओआर) या भारतातल्या मध्यस्थ कंपनीकडून येतं. कागदोपत्री मालक तो, काम मात्र जुन्याच टीमचं.

आधी सीटीसीची, म्हणजे तुमच्यावरच्या एकूण खर्चाची, फोड मागा. महिना १,५०,००० त बेसिक ७५,००० आणि पीएफ पूर्ण बेसिकवर असेल, तर १२ टक्क्यांनी तुमचे ९,००० जातात आणि मालकाचे ९,०००ही बहुधा त्याच दीड लाखात धरलेले असतात. हातात १,३२,०००, त्यातूनही टीडीएस आणि वर्षाला २,५०० व्यवसाय कर. म्हणून जुन्या इन्व्हॉइसच्या आकड्यावर ‘हो’ म्हणू नका. ईओआरची फी परदेशी कंपनीनेच भरायची. सीटीसीत घुसवली असेल तर काढायला लावा. पगार रुपयांत ठरला, की डॉलर वधारल्याचा फायदा संपतो, हेही भावताव करताना धरा.

करारात कामाचं ठिकाण ‘नागपूर’ असंच लिहून घ्या.

दुसरे क्लायंट उरले नसतील तर जीएसटी नोंदणी रद्द करा. त्यानंतर तीन महिन्यांत जीएसटीआर-१० (शेवटचा रिटर्न) भरायचा असतो; हाच हमखास राहून जातो आणि लेट फी चढते.